भाऊराव कोल्हटकर

भाऊराव कोल्हटकर यांचा जन्म १८६३ साली बडोदे येथे झाला. त्या काळी कुलीन स्त्रीने रंगभूमीवर येणे समाजाला मान्य नव्हते. म्हणून नाटकातील स्त्रीभूमिका बहुधा पुरुषच करीत. भाऊरावांचा गळा असामान्य गोड होता. १८८२ साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी त्यांना आपल्या नाटक मंडळीत घेतले. शकुंतला व सुभद्रा या भूमिकांनी त्यांची कीर्ती महाराष्ट्रभर पसरली. १८८५ साली अण्णासाहेब निवर्तले. परंतु भाऊरावांनी सहकाऱ्यांसह मंडळीचा भार वाहिला. पुढे वयोमानानुसार त्यांनी पुरुषभूमिकाही गाजविल्या. १९०१ साली, ऐन उमेदीत, ते कालवश झाले. हिंदुस्थानात ग्रामोफोनसाठी गाणी मुद्रित होऊ लागली ती १९०२ साली. तो अमोल स्वर पुढील पिढ्यांना ऐकावयास मिळाला नाही. मात्र त्याने लावलेली संगीत नाटकाची गोडी महाराष्ट्रात टिकून राहिली.