दमायची परवानगी नसलेली मुलगी

८०० मीटरची तयारी करताय? मग जपानच्या किनुए हितोमीला एकदा भेटाच. तिनं पदक आणलं, विक्रम केले. पण तू दमलीस का, हे तिला कुणी विचारलंच नाही.

दारव्ह्यात पहाटे रस्त्याच्या कडेनं पळणाऱ्या मुली आता कुणाला नवीन नाहीत. यवतमाळ रोड असो की दिग्रस रोड, उजाडायच्या आत वॉर्मअप सुरू झालेला असतो. तुमच्यापैकीही कितीतरी जणी त्यात असतील. कुणाला विद्यापीठाच्या क्रॉसकंट्रीत उतरायचंय, कुणाला पोलीस भरतीत लागायचंय. भरतीच्या ग्राउंडचे ५० मार्क, आणि त्यातले २० मुलींच्या ८०० मीटरचे. त्यामुळे घरचे, अकॅडमीचे सर, शेजारच्या काकू, सगळ्यांचं लक्ष तुमच्या टायमिंगवर!

पण एक गोष्ट माहितीय का? हीच ८०० मीटरची शर्यत ऑलिम्पिकमध्ये मुलींना तब्बल ३२ वर्षं बंद होती. १९२८ साली ती पहिल्यांदा झाली आणि लगेच बंद पडली. त्या शर्यतीत दुसरी आलेली मुलगी म्हणजे किनुए हितोमी. वय वर्षं २१.

शाळेतली उंच पोरगी

किनुएचा जन्म १ जानेवारी १९०७ चा. जपानच्या ओकायामा भागातलं शेतकरी घर. ती ओकायामाच्या मुलींच्या शाळेत शिकायला गेली. तिला वाचनाचा नाद होता, कविता करायची, टेनिस खेळायची. उंची जवळपास १७० सेंटीमीटर, म्हणजे त्या काळच्या जपानी मुलींमध्ये चांगलीच उठून दिसणारी.

१९२३ मध्ये, सोळाव्या वर्षी, शाळेकडून ती मैदानी स्पर्धेत उतरली. तेव्हा तिला बेरीबेरीचा त्रास होता. हा जीवनसत्त्वाच्या कमतरतेनं होणारा आजार, यात पायांतली ताकदच जाते. तरीही तिनं लांब उडी मारली ४.६७ मीटर. जपानमध्ये तोवर कुठल्याही मुलीनं एवढी लांब उडी मारल्याची नोंद नव्हती. सगळ्यांना आनंद झाला. आजारी मुलगी मैदानात उतरलीच कशी, हा प्रश्न मात्र त्या आनंदात मागे पडला. पुढे तिच्या आयुष्यात हेच पुन्हा पुन्हा घडत राहिलं.

शाळा संपली आणि १९२४ मध्ये ती टोकियोला शारीरिक शिक्षणाच्या संस्थेत दाखल झाली. १९२६ मध्ये तिला ओसाका माइनिची या मोठ्या दैनिकात नोकरी लागली. बातमीदार आणि खेळाडू, दोन्ही एकाच वेळी. त्याच वर्षी स्वीडनमधल्या गोथेनबर्गला महिलांची जागतिक स्पर्धा होती. जपानकडून एकटी किनुए गेली. सायबेरियातून जाणाऱ्या रेल्वेनं, दिवसच्या दिवस प्रवास करून. तिथं तिनं ५.५० मीटरची लांब उडी मारून जागतिक विक्रम केला. जागेवरून लांब उडीतही पहिली आली, थाळीफेकीत दुसरी, १०० यार्डांत तिसरी. सगळ्या स्पर्धेतली सर्वोत्तम खेळाडूही तीच ठरली. वय फक्त १९!

तुम्ही म्हणाल, मग तर घरी परतल्यावर नुसतं कौतुकच कौतुक! कौतुक झालंच. पण टोमणेही आले. आखूड चड्डी घालून लोकांसमोर पळते, पुरुषी दिसते, हिच्याशी लग्न कोण करणार, असलं सगळं. ती खरंच मुलगी आहे का, इथपर्यंत चर्चा गेली. एकीकडे देशासाठी जिंक म्हणायचं आणि दुसरीकडे जिंकण्यासाठी कमावलेल्या शरीरालाच नावं ठेवायची. ओळखीचं वाटतंय ना?

अ‍ॅमस्टरडॅम, २ ऑगस्ट १९२८

ऑलिम्पिकमध्ये मुलींना मैदानी खेळ पहिल्यांदा मिळाले ते १९२८ मध्ये. तेही फक्त पाच प्रकार: १०० मीटर, ८०० मीटर, रिले, उंच उडी आणि थाळीफेक. किनुएची लांब उडी त्यात नव्हतीच. दोनच महिन्यांपूर्वी, मे महिन्यात, तिनं ५.९८ मीटरचा जागतिक विक्रम केला होता. तो पुढे ११ वर्षं कुणाला मोडता आला नाही. तरी त्या उडीला ऑलिम्पिकमध्ये जागा नाही.

मग सगळी आशा १०० मीटरवर. जपानच्या चमूत ती एकटी मुलगी, आणि सगळ्या देशाचे डोळे तिच्यावर. ती उपांत्य फेरीतच बाद झाली. ती रात्र तिनं रडून काढली. रिकाम्या हातानं घरी जायचं धाडस तिच्यात नव्हतं. हरल्याच्या दुःखापेक्षा लोकांना तोंड कसं दाखवायचं ही भीती मोठी होती. मग तिनं ठरवलं, ८०० मीटर पळायचं. या अंतराची तिची खास तयारी नव्हती. धावायची ती वेगाची छोटी अंतरं.

अंतिम फेरीत नऊ जणी होत्या. पहिल्या फेरीत किनुए मागे होती. दुसऱ्या फेरीत तिनं एकेकीला गाठायला सुरुवात केली. पाय उचलेनात तेव्हा हातांच्या झोक्यावर ती पुढे सरकत राहिली. जर्मनीची लिना राडके २ मिनिटं १६.८ सेकंदांत पहिली आली, तो जागतिक विक्रम होता. किनुए २ मिनिटं १७.६ सेकंदांत दुसरी. रेषा ओलांडली आणि ती कोसळली. ऑलिम्पिक पदक जिंकणारी ती पहिली जपानी महिला.

त्या शर्यतीत कॅनडाची जीन थॉम्पसन नावाची १७ वर्षांची मुलगीही होती. शेवटच्या टप्प्यात ती खचू लागली. तेव्हा तिचीच सहकारी बॉबी रोझेनफेल्ड मागून येऊन तिच्या बाजूनं धावू लागली, तिला धीर देत राहिली आणि चौथी जागाही तिलाच घेऊ दिली. स्वतः पाचवी आली. त्या मैदानावर थकलेल्या मुलीच्या सोबतीला कुणी आलं, ते एवढंच.

दुसऱ्या दिवशीच्या पेपरांत मात्र भलतंच. शर्यत मुलींना झेपली नाही, कितीतरी जणी वाटेतच पडल्या, पाच जणींनी तर शर्यत अर्धवट सोडली, असं काहींनी छापलं. प्रत्यक्षात नऊच्या नऊ जणींनी शर्यत पूर्ण केली होती. पुरुष धावपटू शर्यतीनंतर आडवे पडले तर ती जिद्द ठरायची, मुली पडल्या तर कमजोरी. झालं! ८०० मीटर बंद. १९५२ मध्ये मुंबईची मेरी डिसूझा हेलसिंकी ऑलिम्पिकला गेली, तेव्हाही मुलींसाठी सर्वांत लांब शर्यत २०० मीटरची होती. ८०० परत आली ती १९६० मध्ये, रोमला.

म्हणजे बघा, जगानं सांगितलं की मुली दमतात, म्हणून त्यांनी धावूच नये. आणि किनुएच्या देशानं तिला सांगितलं की तू दमायचंच नाहीस. दोन्हीकडे निर्णय इतरांचा.

उपकारांचं ओझं

पदकानंतर किनुएला वाटलं, आता आपल्यामागून आणखी मुली यायला हव्यात. १९३० मध्ये प्रागला पुन्हा महिलांची जागतिक स्पर्धा होती. या वेळी तिच्यासोबत आणखी पाच तरुण मुली होत्या. खर्चासाठी मुलींच्या शाळाशाळांतून वर्गणी गोळा झाली. गोष्ट मोठी सुंदर. पण त्या पैशासोबत अपेक्षाही गोळा झाल्या. हजारो शाळकरी मुलींच्या खाऊच्या पैशांवर आपण आलोय, ही जाणीव पाठीवर घेऊन धावणं सोपं नसतं.

प्रागला तिनं ५.९० मीटर लांब उडी मारून सुवर्ण जिंकलं. तीन प्रकारांच्या एकत्रित स्पर्धेत दुसरी, भालाफेकीत आणि ६० मीटरमध्ये तिसरी. तब्येत ठीक नसताना हे सगळं. त्यानंतर विश्रांती नाही, युरोपातल्या आणखी शहरांत सामने. एवढं करूनही मायदेशातला सूर थंडच होता. अपेक्षेएवढं झालं नाही म्हणे!

परतल्यावर ती नोकरीत रुजू झाली. वर्गणी देणाऱ्यांचे आभार मानायला फिरली, भाषणं दिली. शरीर थांब म्हणत होतं, पण उपकार फेडायचे होते. १९३१ च्या वसंतात ती फुप्फुसाच्या आजारानं अंथरुणाला खिळली. त्या काळी अँटिबायोटिक औषधं नव्हती. न्यूमोनिया झाला आणि २ ऑगस्ट १९३१ ला ती गेली. ऑलिम्पिक पदकाला त्या दिवशी बरोबर तीन वर्षं झाली होती. वय २४.

आता तुमचं काय?

किनुए केवळ दडपणानं गेली असं म्हणता येणार नाही. पण आजारी शरीराला थांबू दिलं गेलं नाही, हे खरं. आणि ही गोष्ट जुनी झालेली नाही.

वयात येताना मुलींचं शरीर बदलतं. कधी कधी वर्ष-दोन वर्षं टायमिंग जागचं हलत नाही, उलट वाढतं. हे नैसर्गिक आहे, आळस नव्हे. पण तेव्हाच बोलणी बसतात आणि मुलगी वजन कमी करायला जेवण कमी करते. धावायला लागते तेवढी ताकद पोटात जात नाही. पाळी अनियमित होते, मग थांबते. हाडं ठिसूळ होतात, नडगीला बारीक चीर जाते. खेळाच्या डॉक्टरांनी याला रेड-एस असं नाव दिलंय. पाळी थांबणं हे चांगल्या ट्रेनिंगचं लक्षण नाही, डॉक्टरकडे जायची वेळ झाल्याची ती खूण आहे. नडगी दुखतेय, चक्कर येतेय, सारखा थकवा आहे, तर सरांना आणि घरी सांगा. त्यात लाज कसली? आणि मुलांनो, बहीण किंवा मैत्रीण ग्राउंडवरून आली की टायमिंगच्या आधी तिला जेवलीस का हे विचारा.

किनुएनंतर जपानी महिलेला मैदानी खेळात ऑलिम्पिक पदक मिळायला ६४ वर्षं लागली. १९९२ मध्ये बार्सिलोनाला मॅरेथॉनमध्ये युको आरिमोरीनं रौप्य जिंकलं. तीही ओकायामाचीच. त्या क्षणी जपानमध्ये तारीख होती २ ऑगस्ट. चार वर्षांनी अटलांटाला ती तिसरी आली. तेव्हा सोनं हुकलं म्हणून तिनं कुणाची माफी मागितली नाही. डोळ्यांत पाणी आणून तिनं एवढंच सांगितलं की आज तिला स्वतःचं कौतुक करावंसं वाटतंय. किनुएला हे वाक्य कधी म्हणता आलं नव्हतं.