अन्नाची शास्त्रज्ञ : डॉ. कमला सोहोनी

गृहअर्थशास्त्र हा विषय घेतला म्हणजे मुलीने स्वयंपाक शिकायचे ठरविले, असा समज आपल्याकडे फार जुना आहे. आमच्या गोसीखुर्द परिसरात तर ही थट्टेचीच गोष्ट होते. भात-वरण आईकडून शिकता येते, त्यासाठी पुस्तके आणि परीक्षा कशाला, असे वडीलधारी माणसे विचारतात. पण वरण शिजवूनच का खायचे, कडधान्य भिजत का घालायचे, गरिबाच्या ताटात काय कमी पडते, हे प्रश्न केवळ चुलीपुढे सुटत नाहीत. अशाच प्रश्नांसाठी एका मराठी स्त्रीने आपले आयुष्य वेचले. त्यांचे नाव डॉ. कमला सोहोनी.

कमलाबाईंचा जन्म १९११ साली इंदूर येथे भागवत घराण्यात झाला. सुप्रसिद्ध लेखिका व लोकसाहित्याच्या अभ्यासक दुर्गाबाई भागवत या त्यांच्या थोरल्या भगिनी. वडील नारायणराव आणि काका माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ, बंगलोरच्या टाटा विज्ञान संस्थेत शिकलेले. घरात विद्येचे वातावरण होते. १९३३ साली कमलाबाईंनी मुंबई विद्यापीठाची बी. एस्सी. पदवी मिळविली आणि वडिलांच्याच संस्थेत संशोधनासाठी अर्ज केला.

तो अर्ज नामंजूर झाला. गुण कमी होते म्हणून नव्हे, तर अर्जदार मुलगी होती म्हणून! नोबेल पारितोषिक मिळविलेले सर सी. व्ही. रामन तेव्हा संस्थेचे संचालक होते. एवढ्या मोठ्या माणसाचा नकार ऐकून कोणीही घरी परतले असते. कमलाबाई परतल्या नाहीत. त्यांनी गांधीजींच्या मार्गाने तेथेच सत्याग्रह केला. अखेर त्यांना प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिले वर्ष परीक्षेचे, मार्गदर्शक सांगतील तर रात्री उशिरापर्यंत काम, आणि आपल्यामुळे प्रयोगशाळेतील इतरांचे लक्ष विचलित होऊ द्यायचे नाही. त्यांनी अटी मान्य केल्या, मात्र हा अपमान त्या कधीच विसरल्या नाहीत. वर्षभरात त्यांचे काम पाहून रामन यांचे समाधान झाले आणि पुढे त्या संस्थेत मुलींना प्रवेश मिळू लागला. एका मुलीच्या चिकाटीने कितीजणींची वाट मोकळी झाली!

तेथे श्रीनिवासय्या या गुरूंच्या हाताखाली त्यांनी दूध आणि डाळींतील प्रथिनांचा अभ्यास केला. नंतर त्या इंग्लंडला केंब्रिज विद्यापीठात गेल्या. जीवनसत्त्वांच्या संशोधनासाठी नोबेल मिळविणारे सर फ्रेडरिक हॉपकिन्स यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी कशावर काम करावे? आपल्या घराघरातल्या बटाट्यावर! वनस्पतींच्या पेशींमध्ये ‘सायटोक्रोम सी’ हे श्वसनाला आवश्यक असलेले द्रव्य असते, हे त्यांनी दाखवून दिले. त्यांचा प्रबंध अवघ्या चाळीसेक पानांचा होता. १९३९ साली त्यांना पीएच. डी. मिळाली. विज्ञानात ही पदवी मिळविणाऱ्या पहिल्या काही भारतीय स्त्रियांत त्यांची गणना होते.

परदेशात राहणे त्यांना कठीण नव्हते, पण त्याच वर्षी त्या मायदेशी आल्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायनशास्त्राचा विभाग सांभाळून पुढे त्या कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत गेल्या. १९४७ मध्ये श्री. सोहोनी यांच्याशी विवाह झाल्यावर त्या मुंबईला आल्या आणि विज्ञान संस्थेत प्राध्यापक झाल्या. तेथे त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांसह गोरगरिबांच्या खाण्यातले पदार्थच संशोधनासाठी निवडले : कडधान्ये, धानाचे पीठ, ताडगूळ, नीरा. वालासारख्या कडधान्यांत प्रथिनांच्या पचनाला अडथळा करणारी द्रव्ये असतात. ती त्यांनी वेगळी काढून अभ्यासली. शिजविल्याने अशा द्रव्यांचा जोर बराच कमी होतो. आपल्या आज्या वाल भिजवून, मोड आणून, सोलून मगच शिजवीत, त्यामागे केवढे शहाणपण होते हे यावरून कळते. राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी नीरेवर संशोधन केले. आदिवासी भागांतील कुपोषित मुले आणि गरोदर स्त्रिया यांना नीरेचा उपयोग होतो असे दिसून आले. या कामाबद्दल त्यांना राष्ट्रपती पारितोषिक मिळाले. विज्ञान संस्थेचे संचालकपद मात्र योग्यता असूनही त्यांना काही वर्षे उशिराच मिळाले.

निवृत्तीनंतरही त्या स्वस्थ बसल्या नाहीत. ग्राहकांना जागे करणाऱ्या ‘कन्झ्युमर गायडन्स सोसायटी’च्या कामात त्यांनी भाग घेतला, तिचे अध्यक्षपद भूषविले आणि सामान्य गृहिणीसाठी लेख लिहिले. १९९८ साली दिल्लीत त्यांच्या गौरवाच्या समारंभातच त्या कोसळल्या आणि थोड्याच दिवसांत ही ज्योत मालवली.

मित्र-मैत्रिणींनो, हे चरित्र आपल्यापासून दूरचे नाही. भंडारा हा धानाचा जिल्हा. धान निघण्याआधी त्याच बांधीत आपण लाखोरी पेरतो. ही डाळ महिनोन्‌महिने मुख्य अन्न म्हणून खाल्ली तर पाय लुळे पडतात, हे विज्ञानाने सिद्ध केले आहे. लाखोरीतला दोष वालातल्या दोषाहून वेगळा, पण प्रश्न त्याच जातीचा आहे. शिवाय धरणात ज्यांची शेती गेली, त्यांच्या घरी पूर्वी बांधावरची तूर आणि नदीकाठचा भाजीपाला येई. आता डाळ दुकानातून येते, आणि तुरीच्या डाळीत लाखोरीची भेसळ होते हे सर्वांना ठाऊक आहे. ती ओळखणार कोण? ज्याने अन्नाचा अभ्यास केला तोच.

आपण कला शाखेचे विद्यार्थी, आपल्याला कमलाबाईंची प्रयोगशाळा लाभणार नाही, हे खरे. तरीही या विषयाची वाट चुलीपाशी संपत नाही. गृहअर्थशास्त्र घेऊन पदवी मिळविलेल्या मुली पुढे एम. ए. करतात, शिक्षिका होतात, अंगणवाड्यांवर देखरेख करणाऱ्या मुख्यसेविका होतात. विज्ञान शाखेच्या भगिनी दवाखान्यात आहारतज्ज्ञ होऊ शकतात. अंगणवाडीतल्या बालकाचे वजन का वाढत नाही, हे ज्या मुलीला वेळेवर कळते, तिचे शिक्षण गावाच्या कामी आले असे समजावे. आणि हा विषय केवळ मुलींचा आहे असे तरी कोणी ठरविले? जेवतात तर सगळेच!

यापुढे कोणी विचारले, भात-वरण शिकायला कॉलेज कशाला, तर रागावू नये. बंगलोरच्या दारावर बसून राहिलेल्या त्या मुलीची गोष्ट त्यांना सांगावी.