अंधारातून उजळलेले गायनाचार्य : पं. विष्णु दिगंबर पलुस्कर

आपल्यापैकी अनेकांच्या घरची मुले गांधर्व महाविद्यालयाच्या संगीत परीक्षा देतात. हे नाव ज्यांनी देशभर नेले, त्या पं. विष्णु दिगंबर पलुस्करांचे बालपण ऐन शिकण्याच्या वयात अंधारून गेले होते, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते.

विष्णुबुवांचा जन्म 18 ऑगस्ट 1872 रोजी कुरुंदवाड येथे झाला. वडील दिगंबरबुवा कीर्तनकार, त्यामुळे अभंग, पदे आणि टाळ-मृदंग घरातच होते. विष्णु शाळेत जात होता. एका दत्तजयंतीच्या उत्सवात फटाका तोंडाजवळ फुटला आणि दोन्ही डोळ्यांना इजा होऊन दृष्टी गेली. लहान गावात तातडीचा उपचार मिळाला नाही. पुढे मिरजेस डॉ. भडभडे यांच्याकडे औषधपाणी झाले. कालांतराने काही दृष्टी परत आली, तरी शाळा सुटली ती सुटलीच.

त्या काळी अशा मुलाचे पुढे काय, हा आईवडिलांना झोप न येऊ देणारा प्रश्न होता. पण मुलाचा गळा चांगला होता. मिरज संस्थानच्या आश्रयाने त्याला पं. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्याकडे गाणे शिकण्यास ठेवले. गुरूने गावे, शिष्याने कानात साठवावे आणि तेच पुन्हा पुन्हा घोटावे, अशी ती तालीम. तिला पाटी लागत नव्हती, पुस्तक लागत नव्हते. डोळ्यांनी जे नाकारले, ते कानांनी आणि स्मरणशक्तीने मिळवले. सुमारे नऊ वर्षे हा रियाज चालला.

गाणे आले, पण गवयाला समाजात मान नव्हता. ही गोष्ट विष्णुबुवांच्या मनाला लागली. 1896 साली मिरज सोडून ते हिंडत हिंडत उत्तरेकडे गेले. 5 मे 1901 रोजी त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. ते राजाच्या मर्जीवर नव्हे, लोकांच्या वर्गणीवर चालत असे. 1908 मध्ये मुंबईत विद्यालय निघाले. विशेष म्हणजे ज्यांची शाळा डोळ्यांपायी सुटली, त्यांनीच स्वतःची स्वरलेखन पद्धत तयार करून संगीताची क्रमिक पुस्तके छापली. गुरूच्या घरी वर्षानुवर्षे राहणे ज्यांना शक्य नव्हते, अशा मुलामुलींनाही गाणे शिकता आले. पं. ओंकारनाथ ठाकूर, पं. विनायकराव पटवर्धन, पं. नारायणराव व्यास हे त्यांचेच शिष्य.

पुढे कर्जापायी मुंबईची इमारत हातची गेली. बुवा नाशिकला रामनामात रमले, पण खचले नाहीत. 21 ऑगस्ट 1931 रोजी मिरजेत त्यांनी देह ठेवला.

आपल्या अणशी-जोयडा भागात चतुर्थीला आरतीबरोबर फटाकेही वाजतात. फटाके लावताना लहान मुलांना दूर उभे करावे, एवढे तरी या चरित्रातून घ्यावे. इजा झालीच तर डोळा चोळू नये, घरगुती औषध घालू नये, त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. आणि ज्यांची नजर गेली आहे, त्यांना भजनाच्या वेळी कोपऱ्यात नुसते बसवून ठेवू नये. त्यांच्या हाती टाळ द्यावा, पेटी द्यावी, शिकवणारा मिळवून द्यावा. विष्णुबुवांना वेळेवर गुरू मिळाला, म्हणून पुढचे सारे घडले.

गणपती बाप्पा मोरया!