रिकाम्या खुर्च्या आणि बालगंधर्व

गेल्या वर्षी उत्सवाच्या रात्री आमच्या जासईच्या नाट्यमंडळाने नाटक केले, तेव्हा मंडपात ४०० खुर्च्या मांडल्या होत्या. तिसरी घंटा झाल्यावर मी विंगेतून डोकावून माणसे मोजली. ७० भरली, आणि त्यांतली निम्मी नटांच्या घरची. दुसऱ्या अंकाला त्यांतलीही काही उठून गेली. माझ्याकडे वकिलाचे काम होते. रिकाम्या खुर्च्यांपुढे उभे राहून तावातावाने भाषण करणे किती अवघड असते, हे ज्याने केले असेल त्यालाच कळेल.

पुढे हिशेब झाला. मंडप, दिवे, ध्वनिक्षेपक, मुंबईहून बिदागी देऊन आणलेली नटी, कपडेपट, सगळे धरून १८ हजार रुपये अंगावर आले. बैठकीत दोन तट पडले. एकाचे म्हणणे असे की, जासईत आता नाटक पाहणारा माणूसच उरला नाही. मंडळाने वाशीला जावे आणि विष्णुदास भावे नाट्यगृहात तिकीट लावून प्रयोग करावा. दुसऱ्याचे म्हणणे, मंडळच बंद करावे. मला काहीच सुचेना. घरी आल्यावर आजोबांना सगळे सांगितले. त्यांनी मला एवढेच विचारले की, बालगंधर्वांचे पुढे काय झाले ते तुला माहीत आहे का.

मला माहीत नव्हते. नाव ऐकले होते, पुण्यातले रंगमंदिर बाहेरून पाहिले होते, इतकेच. आजोबांचे वडील मिठागरात कामाला असत. मोऱ्याहून होडीने मुंबईस जाऊन त्यांनी एकदा बालगंधर्वांचे नाटक पाहिले होते आणि पहाटे नाटक सुटल्यावर धक्क्यावरच आडवे होऊन सकाळच्या होडीने ते परतले होते, ही हकीकत आमच्या घरात तीन पिढ्या सांगितली जाते. आजोबांच्या प्रश्नाने मी ग्रंथालयाकडे वळलो. तेथे जे वाचले, त्यातून हा लेख झाला आहे.

प्रेक्षक घटले की मुक्काम हलवायचा, ही रीत केवळ नाटकवाल्यांची नाही. आमच्या वर्गातील खेळवेड्या मित्रांकडून कळले की अमेरिकेत आणि कॅनडात बर्फावरच्या हॉकीचे धंदेवाईक संघसुद्धा असेच गाव बदलतात. अटलांटा शहराने असे दोन संघ गमावले. एक १९८० साली कॅल्गरीला गेला, दुसरा २०११ साली विनिपेगला. क्युबेकचा संघ १९९५ साली डेन्व्हरला गेला आणि पुढच्याच वर्षी त्याने अजिंक्यपद मिळवले. लांब कशाला, आपल्या पुण्याच्या फुटबॉल संघाचा कारभार २०१९ मध्ये आटोपला आणि त्याची जागा हैदराबादच्या संघाने घेतली. मालक सांगतो, येथे धंदा होत नाही. गावातली माणसे म्हणतात, आम्हाला टाकून गेले. आमच्या बैठकीतला वाद याहून वेगळा नव्हता. फरक इतकाच की बालगंधर्व हे मालकही होते, मुख्य नटही होते, आणि प्रेक्षकांना मायबाप मानणारेही होते.

नारायण श्रीपाद राजहंस यांचा जन्म २६ जून १८८८ रोजी झाला. त्यांचे मूळ गाव सांगली जिल्ह्यातील नागठाणे. लहानपणीचे त्यांचे गाणे ऐकून लोकमान्य टिळकांनी बालगंधर्व हे नाव दिले, असे सांगतात. कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे त्यांच्याकडे लक्ष गेले, आणि १९०५ साली ते किर्लोस्कर नाटक मंडळीत दाखल झाले. मिरजेस शकुंतलेच्या भूमिकेत ते प्रथम उभे राहिले. भास्करबुवा बखल्यांसारखा गुरू लाभला. स्त्रीभूमिका करणारे नट त्यापूर्वीही होते. परंतु या नटाने नेसलेले लुगडे आणि घातलेले दागिने पाहून घरोघरच्या स्त्रिया तशी वेशभूषा करू लागल्या, हे त्यापूर्वी घडले नव्हते.

१२ मार्च १९११ रोजी मुंबईस खाडिलकरांच्या ‘मानापमान’चा पहिला प्रयोग होता. त्याच दिवशी नारायणरावांची लहान मुलगी गेली. लोक जमले आहेत, त्यांना परत पाठवायचे नाही, असे ठरवून ते भामिनीच्या वेषात रंगभूमीवर आले. या गोष्टीकडे आपण नेहमी त्यागाची कथा म्हणून पाहतो. मला मात्र ती वाचताना पहिल्यांदा जाणवले की, या माणसाला भरलेले थिएटर म्हणजे गल्ला वाटत नव्हता. ते त्याच्यावरचे ऋण होते. पुढच्या आयुष्यातले त्याचे बरेवाईट सारे यातूनच निघाले.

१९१३ साली गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांच्या भागीत गंधर्व नाटक मंडळी उभी राहिली. १९१६ साली ‘स्वयंवर’ आले. १९१९ साली गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’ बडोद्यास रंगभूमीवर आले. ते पाहायला गडकरी नव्हते, महिन्यापूर्वीच त्यांचे निधन झाले होते. बडोद्याचे सयाजीराव महाराज या मंडळीचे मोठे आश्रयदाते. ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व आणि ललितकलादर्शचे केशवराव भोसले यांनी मिळून मुंबईत ‘संयुक्त मानापमान’ केले. तिकिटांचे दर नेहमीपेक्षा कितीतरी चढे होते. तरी थिएटर भरून गेले.

मित्रहो, येथे कंपनीचा संसार कसा चाले, ते समजून घेतले पाहिजे. नाटक कंपनी म्हणजे फिरते गावच. नट, गवई, साथीदार, पडदे ओढणारे, आचारी, शिंपी, साऱ्यांचे पगार, दोन वेळचे जेवण आणि बिऱ्हाड कंपनीकडे. नाटक आठवड्यातून दोन-तीन रात्री, चुली मात्र सातही दिवस पेटत. एखाद्या गावी तिकीटविक्री उतरू लागली की पेट्या, पडदे, भांडीकुंडी आगगाडीच्या वाघिणीत भरायची आणि पुढचा मुक्काम गाठायचा. पुणे, मुंबई, नाशिक, नागपूर, इंदूर, बडोदे, बेळगाव, हुबळी. नव्या गावी नाटकाची जाहिरात लागली की गाव लोटे. जुन्या गावाची भूक वर्षभरात पुन्हा जागी होई. रिकाम्या खुर्चीवर हाच रामबाण उपाय होता आणि तो पुष्कळ वर्षे लागू पडला.

पण या संसारात बालगंधर्वांचा खर्चाचा हात मोकळा होता. खरे रेशीम, उंची अत्तरे, तबल्याला अहमदजान थिरकवांसारखा उस्ताद. १९२० सालच्या ‘द्रौपदी’वर तर पैसा पाण्यासारखा गेला. भागीदार एकेक करून बाहेर पडले, कर्ज डोईजड झाले. त्या वेळी नारायणरावांनी हात वर केले नाहीत. सारे कर्ज स्वतःच्या शिरावर घेतले आणि पुढील काही वर्षांत प्रयोगांमागून प्रयोग करून लोकांच्या तिकिटांतूनच ते फेडले. व्यवहार कळत नसे, हा त्यांच्यावरचा नेहमीचा आक्षेप खरा आहे. पण देणे बुडवणे त्यांना ठाऊक नव्हते, हेही तितकेच खरे आहे.

मग १९३१ साल उजाडले. त्याच वर्षी त्यांनी ‘कान्होपात्रा’ रंगभूमीवर आणले, आणि त्याच वर्षी १४ मार्चला मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये ‘आलम आरा’ हा पहिला बोलपट लागला. पुढल्या वर्षी प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ आला, आणि गंमत अशी की त्यात राजा हरिश्चंद्र झाले होते ते गंधर्व मंडळीचे जुने भागीदार गोविंदराव टेंबे. बोलपटाचे तिकीट काही आण्यांचे, खेळ दिवसातून दोन-तीन, आणि संपून घरी जायला पहाट होत नसे. गावोगावच्या थिएटरमालकांनी हिशेब केला आणि नाटकाची थिएटरे सिनेमाला दिली. १९३३ साली नाट्यमन्वंतर या संस्थेने ‘आंधळ्यांची शाळा’ आणली. ते नाटक आटोपशीर होते आणि त्यात स्त्रियांची कामे स्त्रियांनीच केली. बालगंधर्व तेव्हा पंचेचाळिशीत होते आणि अजून भामिनी, रुक्मिणी, सिंधू यांच्याच वेषात उभे राहत होते.

माझ्या वाचनात मला सर्वांत महत्त्वाची वाटली ती गोष्ट येथे आहे. मुक्काम हलवण्याचा जुना उपाय आता चालेना. का चालेना? तर पुढच्या गावीही तोच बोलपट लागलेला होता. मुक्काम हलवून भागते ते पुढच्या गावचा प्रेक्षक पूर्वीसारखाच असेल तोवर. येथे एखाद्या गावाने पाठ फिरवली नव्हती. सगळ्याच गावांची रात्र घालवण्याची तऱ्हा बदलली होती. एकेक कंपनी या काळात बसली. दीनानाथ मंगेशकरांची बलवंत संगीत मंडळी चित्रपटाकडे वळली आणि तीही टिकली नाही.

गंधर्व मंडळी थांबली आणि बालगंधर्वांनी गावाऐवजी माध्यम बदलून पाहिले. प्रभात कंपनी १९३३ साली कोल्हापूरहून पुण्यास आली होती. तिच्याशी करार करून १९३५ सालच्या ‘धर्मात्मा’ चित्रपटात त्यांनी संत एकनाथांचे काम केले. हयातभर स्त्रीभूमिका केलेला हा नट पुरुषवेषात कॅमेऱ्यापुढे उभा राहिला. पण समोर माणसे नाहीत, वन्समोअर नाही, गाणे रंगले म्हणून चार ताना अधिक घेण्याची सोय नाही. तेथे त्यांचा जीव रमला नाही. एका चित्रपटानंतर त्यांनी प्रभातची सोबत सोडली आणि ते पुन्हा नाटकाकडे आले.

परत आले तेव्हा जुना प्रेक्षक पांगला होता. पुढे गोहरबाई कर्नाटकी कंपनीत आल्या. त्या स्त्रीभूमिका करू लागल्या आणि बालगंधर्व पुरुषभूमिका. अनेक जुन्या चाहत्यांना हे रुचले नाही. १९४० साली पत्नी लक्ष्मीबाई गेल्या. गाड्या भरभरून फिरणारी कंपनी लहान होत गेली. पुढे नाटकापेक्षा भजनाचेच कार्यक्रम होऊ लागले. मग पायही अधू झाले. १९५५ साली संगीत नाटक अकादमीचा सन्मान मिळाला, १९६४ साली पद्मभूषण. त्याच वर्षी गोहरबाई गेल्या. पुण्यातील रंगमंदिराची कोनशिला १९६२ साली बालगंधर्वांच्याच हस्ते बसली होती. पण ते उघडले २६ जून १९६८ रोजी, आणि त्याआधीच, १५ जुलै १९६७ रोजी, त्यांचे निधन झाले होते. ज्याला अखेरच्या वर्षांत हक्काचे थिएटर नव्हते, त्याच्या नावाचे थिएटर त्याच्या मागे उभे राहिले.

काही अभ्यासक म्हणतात की ते काळाबरोबर चालले नाहीत. मला हे अर्धेच पटते. त्यांनी गावे बदलली, माध्यम बदलले, शेवटी भूमिकाही बदलल्या. त्यांनी बदलली नाही ती एकच गोष्ट, नाटकाचा थाट. पाचशे माणसांच्या गल्ल्यावर बेतलेला खर्च पन्नास माणसांच्या रात्रीही तसाच राहिला. माणसे कमी झाली म्हणून कमी द्यायचे, हे त्यांना मायबापांचा अपमान केल्यासारखे वाटत असावे. त्या वृत्तीपुढे मी नम्र होतो. पण तिच्यामागे चालण्याचे धाडस आमच्या मंडळाला परवडणारे नाही.

आमच्या जासईला स्थलांतर हा शब्द नवा नाही. गाव जागच्या जागी राहिले आणि जमीन मात्र गेली. त्या जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली १९८४ सालच्या जानेवारीत झालेल्या लढ्यात पाच शेतकरी हुतात्मे झाले. आज शेताच्या जागी कंटेनरच्या गाड्या उभ्या असतात आणि आमची मुले बंदरात पाळ्यांवर जातात. हे सारे मनात घोळवून मी दुसऱ्या बैठकीला गेलो आणि थोडे धीटपणे बोललो. वाशीला जाऊन काय मिळणार? तेथे रोज नाटके होतात; आमचे तेथे कोणाला अप्रूप? आणि येथला माणूस नाटकावर रुसलेला नाही. त्याला सकाळी सहाची पाळी आहे, आणि आपण पडदा रात्री साडेदहाला उघडतो. तेव्हा गाव हलवण्याआधी वेळ हलवून पाहू. रविवारी संध्याकाळी सहाला सुरुवात, दोन तासांत समाप्ती. मंडप नको, शाळेचे पटांगण पुरे. बिदागीची नटी नको. आमच्याच महाविद्यालयातील दोघी जणी काम करायला तयार आहेत. आणि खुर्च्या १०० च.

खजिनदार रागावले. १०० खुर्च्यांचे नाटक म्हणजे गावाची लाज, असे त्यांना वाटले. दोन तास वाद झाला. अखेर ठरले की, एक वर्ष करून पाहायचे. १०० खुर्च्या भरल्या नाहीत, तर मंडळ बंद करण्याचा ठराव मीच मांडायचा. ही अट मी मान्य केली आहे आणि खरे सांगायचे तर तेव्हापासून मला नीट झोप नाही.

तालमी सुरू झाल्या आहेत. आजोबा रोज येऊन कोपऱ्यात बसतात. येत्या उत्सवातल्या रविवारी प्राध्यापक आणि विद्यार्थी मित्रांनी जरूर जासईला यावे. उभे राहून नाटक पाहावे लागले, तर मात्र राग मानू नये. आम्हाला तेच हवे आहे.