दूधवाल्या बायांचे बोलणे मनावर घेणारा डॉक्टर

माहीमचे शीतलादेवीचे देऊळ मुंबईकरांच्या परिचयाचे आहे. आता तेथल्या भुयारी मेट्रो स्थानकालाही तेच नाव मिळाले आहे. पण शीतला ही देवीच्या रोगाची देवता, हे आजच्या मुलांना सांगावे लागते. हा रोग घरात शिरला की आयाबाया तिला शरण जात. घर एक, रोग एक. तरी एक मूल दगावे, दुसरे तोंडभर वण घेऊन उठे, तर तिसऱ्याला रोग शिवतही नसे. असे का, याला देवीचा कोप किंवा कृपा यापलीकडे उत्तर नव्हते. त्या उत्तराची पहिली भक्कम पायरी बांधली ती एडवर्ड जेन्नर या इंग्लंडमधल्या एका खेड्यातल्या डॉक्टरने.

जेन्नरचा जन्म 17 मे 1749 रोजी ग्लॉस्टरशायरमधल्या बर्कले गावी, धर्मोपदेशकाच्या घरात झाला. पाचव्या वर्षी आईवडिलांचे छत्र हरपले. आठव्या वर्षी त्याला त्या काळच्या रिवाजाप्रमाणे खऱ्या देवी टोचण्यात आल्या. रोग्याच्या फोडातला द्रव निरोगी माणसाच्या कातडीत शिरवायचा आणि सौम्य रोग येऊ द्यायचा, अशी ही रीत. आपल्याकडे बंगालमध्येही ती होती. मात्र तिच्यात शंभरातली एखाद-दोन माणसे दगावत. पोराला आधी उपाशी ठेवले, रक्त काढले, मग तबेल्यात इतर मुलांबरोबर ठेवले. तो वाचला.

पुढे एका शल्यवैद्याकडे उमेदवारी आणि लंडनमध्ये जॉन हंटर या नामवंत गुरूकडे शिक्षण घेऊन तो गावी परतला. स्वभाव निरीक्षणाचा. कक्कू पक्ष्याचे नुकते जन्मलेले पिल्लू दुसऱ्याच्या घरट्यातली अंडी कशी बाहेर ढकलते, हे त्याने पाहून लिहिले आणि रॉयल सोसायटीचे सदस्यत्व मिळवले.

त्या भागात दूध काढणाऱ्या बायांमध्ये एक समजूत होती. गाईच्या सडांवरच्या फोडांची लागण ज्यांच्या हातांना होई, त्यांना देवी येत नसत. शिकलेल्या डॉक्टरांना ती खेडवळ बडबड वाटे. बेंजामिन जेस्टी या शेतकऱ्याने 1774 सालीच आपल्या बायकोमुलांना असे फोड टोचून पाहिले होते; पण पडताळा घेऊन जगापुढे मांडणी केली ती जेन्नरने. 14 मे 1796 रोजी सारा नेल्म्स या दूधवालीच्या हातावरच्या फोडातला द्रव त्याने जेम्स फिप्स या आठ वर्षांच्या मुलाला टोचला. 1 जुलैला त्याच मुलाला खऱ्या देवी टोचल्या. आज असा प्रयोग कोणी करू देणार नाही. मुलाला देवी आल्या नाहीत. जेन्नरने 1798 मध्ये स्वखर्चाने पुस्तक छापले. लस घेतलेल्यांच्या अंगातून गाई उगवतात, अशी व्यंगचित्रेही निघाली. तरी पार्लमेंटने त्याला आधी दहा हजार, मग वीस हजार पौंड दिले. गोरगरिबांना तो घराच्या बागेतल्या झोपडीत फुकट टोचत असे.

मुंबईलाही त्याची कीर्ती लवकर पोहोचली. लांबच्या सागरी प्रवासात लस मरून जाई. अखेर व्हिएन्नाहून बगदाद, बसऱ्यामार्गे ती आली आणि 14 जून 1802 रोजी ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला मुंबईत टोचली गेली. भारतातले हे पहिले यशस्वी लसीकरण. तिच्या दंडावरच्या फोडातून पुढच्या मुलांना, अशी साखळी देशभर गेली. मराठीत लस म्हणजे मुळात फोडातून पाझरणारा द्रव. तोच शब्द आपण आजही वापरतो.

जेन्नरचे एक अनुमान मात्र चुकले. हे संरक्षण जन्मभर टिकते, असे तो मानी. शरीराची आठवण वर्षांगणिक पुसट होते, हे पुढे कळले. पण लस जुनी झालेल्या माणसाला देवी आल्या तरी सहसा सौम्य येत. लस न घेतलेल्यांत शंभरातले सुमारे तीस जण दगावत. गरोदर स्त्रियांना धोका अधिक. विषाणूचाही एक सौम्य प्रकार होता, त्यात शंभरात एखादाच जाई. म्हणजे कोणाला किती भोगावे लागते, हे शरीराची आधीची ओळख, वय, अवस्था आणि विषाणूची जात मिळून ठरवतात. 2020 साली कोरोनात तर असे दिसले, की काही अत्यवस्थ रुग्णांच्या रक्तात इंटरफेरॉन या बचावाच्या द्रव्यालाच निकामी करणारी प्रतिपिंडे होती. वरून धडधाकट दिसणाऱ्या माणसातही अशी उणीव लपलेली असू शकते.

जेन्नर 26 जानेवारी 1823 रोजी बर्कलेतच वारला. आपल्याकडे 1970 नंतरच्या दशकात देवीचा रोगी कळवणाऱ्याला हजार रुपये, अशा जाहिराती भिंतीभिंतींवर रंगवल्या होत्या. भारतातला शेवटचा रुग्ण 1975 मध्ये सापडला आणि 1980 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने रोग संपल्याचे जाहीर केले. आजीच्या दंडावरचा तो गोल वण म्हणजे त्या लढाईची खूण. ज्या आयांची मुले देवीने नेली, त्यांच्या सेवेत वा नवसात काहीच उणे नव्हते. उणी होती ती फक्त एक ओळख, जी त्या लेकरांच्या शरीराला कोणी करून दिली नव्हती.