आट्यांपासून गोळीपर्यंत : सर जोसेफ व्हिटवर्थ

फर्स्ट इयरला फिटिंग शॉपमध्ये कानस मारून हाताला फोड आले नाहीत असा विद्यार्थी सापडणं कठीण. तुकडा ट्राय स्क्वेअरला लावून उजेडात धरायचा आणि फटीतून उजेड दिसला की पुन्हा घासायचा! पुढे मशीन ड्रॉइंगच्या शीटवर ५५ अंशांचा एक आटा काढावा लागतो. त्याला व्हिटवर्थ थ्रेड म्हणतात. सबमिशन झालं की आपण तो विसरतो. पण ज्याच्या नावाचा हा आटा आहे, त्या माणसाने बंदुकीची गोळी नेम का चुकवते हेही शोधून काढलं होतं. त्याचीच ही गोष्ट.

जोसेफ व्हिटवर्थचा जन्म २१ डिसेंबर १८०३ रोजी इंग्लंडमधल्या स्टॉकपोर्ट इथे झाला. वडील शाळामास्तर होते. मुलाला काकांच्या सूतगिरणीत घातलं, म्हणजे पुढे तो मालक झाला असता. पण याचा जीव हिशेबाच्या वह्यांपेक्षा यंत्रांत जास्त. शेवटी गिरणी सोडून तो मँचेस्टरला पळाला आणि साधा मेकॅनिक म्हणून कामाला लागला. १८२५ मध्ये लंडनला जाऊन त्याने हेन्री मॉडस्ले या नामांकित कारागिराच्या कारखान्यात काम केलं. १८३३ मध्ये मँचेस्टरला परतून त्याने स्वतःचा कारखाना काढला.

खरा सपाट पृष्ठभाग कसा मिळवायचा, हा त्याचा पहिला ध्यास. दोन प्लेट एकमेकींवर तंतोतंत बसल्या म्हणून त्या सपाट असतीलच असं नाही, कारण एक फुगीर आणि दुसरी खोलगट असली तरी त्या बसतात. पण तीन प्लेट आळीपाळीने एकमेकींशी जुळवल्या आणि तिन्ही जोड्या बसल्या, तर तिन्ही सपाटच असल्या पाहिजेत. किती सोपं, आणि किती पक्कं! १८४० मध्ये त्याने ही पद्धत जाहीरपणे मांडली. १८४१ मध्ये सगळ्या देशात एकसारखे आटे असावेत ही योजना मांडली. तोवर प्रत्येक कारखान्याचा बोल्ट वेगळा आणि नट वेगळा होता. पुढे त्याने इंचाचा दहा लाखावा भाग ओळखणारं मोजण्याचं यंत्रही करून दाखवलं.

१८५४ मध्ये ब्रिटिश सरकार त्याच्याकडे आलं. सैन्याची एनफिल्ड रायफल मोठ्या संख्येने बनवायला यंत्रं हवी होती. ज्या एनफिल्डच्या चरबी लावलेल्या काडतुसांवरून १८५७ साली आपल्याकडे शिपायांमध्ये भडका उडाला, तीच ही बंदूक. दुसरा कुणी असता तर त्याने ऑर्डर घेऊन यंत्रं बनवून दिली असती. व्हिटवर्थने आधी प्रयोग करू देण्याची अट घातली. मुळात बंदूक कशी असावी हेच नक्की नसेल, तर ती झटपट बनवणारी यंत्रं काय कामाची?

सरकारी खर्चाने त्याच्या घराच्या आवारात ५०० यार्ड लांबीची बंदिस्त गॅलरी बांधली गेली. ती वादळात पडली, पुन्हा उभारली, आणि १८५५ च्या मार्चमध्ये प्रयोग सुरू झाले. वाटेत ठरावीक अंतरावर पातळ कागदाचे पडदे लावलेले असत. प्रत्येक पडद्यावरचं भोक बघून गोळी कुठे कशी भरकटली ते कळायचं.

एनफिल्डच्या नळीचा व्यास ०.५७७ इंच होता आणि गोळीची लांबी व्यासाच्या दुपटीहूनही कमी होती. व्हिटवर्थने गोळीचं वजन तेच ठेवलं, ५३० ग्रेन, म्हणजे सुमारे ३४ ग्रॅम. दारूही तेवढीच, ७० ग्रेन. बदलला तो गोळीचा आकार. नळी ०.४५१ इंचाची केली आणि गोळी व्यासाच्या सुमारे तिप्पट लांब. वजन तेवढंच, पण हवेला अडणारा भाग सुमारे चाळीस टक्क्यांनी कमी!

पण लांब गोळी हवेत कोलांट्या खाते. तिला सरळ ठेवायचं तर भोवऱ्यासारखी जोरात फिरवावी लागते. एनफिल्डच्या नळीतला पीळ ७८ इंचांत एक फेरा देत होता. व्हिटवर्थने तो २० इंचांत एक केला. एवढ्या पिळात गोळी घसरू नये म्हणून नळी आतून षटकोनी केली आणि गोळीही तशीच.

१८५७ मध्ये दोन्ही बंदुकांची चाचणी झाली. ५०० यार्डांवर एनफिल्डची सरासरी चूक २.२४ फूट होती, तर व्हिटवर्थची ०.३७ फूट. ११०० यार्डांवर ८.०४ विरुद्ध २.६२. त्याच्याही पुढे एनफिल्डची गोळी लक्ष्याला लागेचना. १८६० मध्ये विंबल्डनच्या नेमबाजी स्पर्धेचं उद्घाटन झालं तेव्हा स्टँडवर बसवलेल्या व्हिटवर्थ रायफलीतून राणी व्हिक्टोरियाने ४०० यार्डांवर गोळी झाडली. ती केंद्रापासून फक्त सव्वा इंचावर लागली.

एवढं होऊनही सैन्याने ही रायफल घेतली नाही! लहान नळीत जळक्या दारूचा मळ लवकर साठतो आणि किंमतही फार, असे आक्षेप होते. ते अगदीच खोटे नव्हते. निवडक नेमबाजाची बंदूक आणि चिखलातल्या साध्या शिपायाची बंदूक यांत फरक असतोच. अमेरिकेच्या यादवी युद्धात मात्र दक्षिणेकडच्या नेमबाजांनी ती वापरली. १८६४ मध्ये जनरल सेजविक ज्या गोळीने मारले गेले ती व्हिटवर्थचीच होती, असं मानलं जातं. अचूकतेचा हाही एक हिशेब आहे आणि तो विसरून चालणार नाही.

१८७१ मध्ये ब्रिटिश सैन्याने ०.४५ इंचाची मार्टिनी-हेन्री घेतली. १८८८ मध्ये ०.३०३ इंचाची ली-मेटफर्ड आली, तिचा पीळ १० इंचांत एक फेरा. षटकोन मागे पडला, पण बारीक नळी, लांब गोळी आणि जोरदार पीळ हे तत्त्व टिकलं. २२ जानेवारी १८८७ रोजी मोंटे कार्लोत व्हिटवर्थ वारला, त्यामुळे ली-मेटफर्ड काही त्याने पाहिली नाही. १८६८ मध्ये त्याने होतकरू इंजिनिअरांसाठी वर्षाला १०० पौंडांच्या ३० शिष्यवृत्त्या ठेवल्या. हातातलं कसब आणि पुस्तकी ज्ञान दोन्ही हवं, ही त्याची अट. व्हिटवर्थ शिष्यवृत्ती आजही दिली जाते.

सबमिशनच्या आदल्या रात्री हॉस्टेलवर एकाच्या जर्नलवरून दहा जर्नल कशी तयार होतात हे मी सांगायला नको. ग्राफ आधी काढायचा आणि रीडिंग मागून बसवायची! व्हिटवर्थने नेमकं उलट केलं. सरकारची ऑर्डर समोर असताना त्याने आधी मोजलं. त्याची बंदूक नाकारली गेली, पण त्याची रीडिंग कुणालाच खोडता आली नाहीत.