डॉ. जेरुशा झिराड आणि बाळंतिणीचा ताप

आपल्या पिढीला डॉ. जेरुशा झिराड हे नाव नवे नाही. पण त्यांनी कशाशी झुंज दिली, हे नातवंडांना ठाऊक नसते, म्हणून लिहिते.

आडनाव अलिबागजवळच्या झिराड गावचे, जन्म मात्र शिमोग्याचा. शाळा पुण्यात झाली. थोरली बहीण फार आजारी पडली आणि मुंबईच्या कामा हॉस्पिटलात बरी झाली, तेव्हाच जेरुशाबाईंनी डॉक्टर व्हायचे मनात घेतले. ग्रँट मेडिकल कॉलेजातून पदवी घेऊन त्या लंडनला गेल्या. परदेशी शिकायला भारत सरकारची शिष्यवृत्ती मिळालेल्या त्या पहिल्या भारतीय स्त्री. महायुद्धाच्या धामधुमीत शिकून १९१९ साली त्यांनी प्रसूतिशास्त्रात एम.डी. केली.

परतल्यावर बंगलोरला काम केले, मग मुंबईला आल्या. १९२५ साली ज्युइश रिलिजस युनियन सुरू करण्यात त्यांचा मोठा हात होता. पुढे ज्या कामा हॉस्पिटलात बहीण बरी झाली होती, त्याचाच कारभार त्यांच्याकडे आला. १९४७ साली निवृत्त होईपर्यंत, म्हणजे जवळजवळ दोन दशके, त्यांनी तो सांभाळला.

त्या आल्या तेव्हा बाळंतिणीला ताप भरला की घरच्यांच्या पोटात गोळा यायचा. सल्फाची औषधे १९३५ नंतरची, पेनिसिलिन तर युद्धानंतर सगळ्यांच्या हाती आले. तोवर धुतलेले हात, उकळलेली हत्यारे आणि गरोदरपणातली वेळच्या वेळी तपासणी एवढाच आधार. जंतू शिरल्यावर काढायला औषध नव्हते, म्हणून तो शिरूच द्यायचा नाही.

१९३७-३८ साली बाईंनी मुंबईतल्या माता-मृत्यूंची चौकशी केली. अहवाल १९४१ साली छापला. नशीब म्हणून गप्प न बसता बाई का गेली हे विचारायचे, ही त्यांची शिकवण. पुढे १९६६ साली पद्मश्री मिळाली.

आज हे का आठवावे? मी सध्या सिंगापुरात तांजोंग पगारला राहते. सिंगापूर जनरल हॉस्पिटल इथून जवळच आहे. इथे काय किंवा मुंबईत काय, गरोदर बाईच्या स्वॅबमध्ये कधी कधी असे जंतू निघतात की बरीच अँटिबायोटिक्स त्यांना लागू पडत नाहीत. आतड्यातला ई. कोलाय, नाकातला स्टॅफिलोकॉकस. तिला ताप नाही, दुखणे नाही. जंतूंनी अंगावर नुसता मुक्काम केलेला असतो. याला आजार म्हणत नाहीत, आणि ती बाई अस्वच्छ आहे असेही नाही. पण प्रसूतीच्या वेळी तोच जंतू जखमेत किंवा बाळाच्या अंगात जाऊ शकतो.

म्हणून सुना-नातींना एवढे सांगा. रिपोर्ट लपवू नका, प्रसूती करणाऱ्या डॉक्टरांना आणि नर्सला दाखवा. नुसत्या मुक्कामाला बहुतेक वेळा औषध लागत नाही, पण लघवीत जंतू निघाले तर त्रास नसला तरी गरोदरपणी उपचार लागतो. ग्रुप बी स्ट्रेप निघाला तर कळा सुरू झाल्यावर शिरेतून पेनिसिलिन देतात. पेनिसिलिनची ॲलर्जी असेल तर आधीच सांगावे, कारण बदली औषधांना हा जंतू पुष्कळदा जुमानत नाही. कपाटातल्या उरलेल्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. जंतू निगरगट्ट होतात ते अशानेच. आणि बाळाला उचलण्याआधी, आजी असो की पाहुणा, प्रत्येकाने साबणाने हात धुवावेत.

भाकरीवर ब्राखा म्हणायच्या आधी हात धुवायला आपल्याला कुणी शिकवावे लागत नाही. बाळंतिणीच्या खोलीतही तीच सवय हवी. औषधे नव्हती तेव्हा झिराडबाईंच्या पिढीने याच सवयीच्या जोरावर बायका वाचवल्या. औषधे थकू लागली आहेत, तेव्हा ती सवय आपण सोडून चालणार नाही.